तोंड धुतलेली बाई

एकदा मी एका पुतळ्याला चिंच लावली. चांगली दोन मुठी जुनी चिंच, कोमट पाण्यात भिजवलेली, वर मीठ, आणि घासायला रांगोळी न् नारळाची शेंडी. आज हे लिहिताना हसू आवरत नाही. तेव्हा मात्र मी पदर खोचून अशी उभी होते, की जणू अख्ख्या मुळशी तालुक्याची अब्रू माझ्या हातातल्या शेंडीवर टांगलेली आहे.

वय पंचवीस. लग्न होऊन पुण्याहून पौडला आले त्याला वर्ष झालं होतं. सासरी आल्याआल्या मी घरातलं तांबं-पितळ असं काही लखलखवलं, की सासूबाई आल्यागेल्याला देव्हाऱ्यातली समई दाखवून "सूनबाईचा हात आहे" म्हणून सांगायच्या. एवढ्या कौतुकावर माणूस बिघडायला वेळ लागत नाही. कुठेही काळपट काही दिसलं की माझे हात शिवशिवायला लागायचे. त्यातच माले गावाच्या रस्त्याला एका शिक्षणसंस्थेच्या अभ्यासिकेत मला नोकरी मिळाली. पुस्तकं देणं-घेणं आणि सगळ्यांना गप्प बसवणं, एवढंच काम. गप्प बसवणं सासरी जमत नव्हतं. तिथे छान जमायचं.

अभ्यासिकेत शिरलं की डाव्या हाताला, खिडकीखाली, एक लांबट पायरी होती आणि पायरीवर ती बसलेली. माणसाएवढी, नऊवारीतली, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, आणि गालाला हात. नजर समोरच्या फरशीवर. तिच्या शेजारी आणखी एक माणूस ऐसपैस बसेल इतकी जागा मोकळी. रंग काळपट तपकिरी, कडेला हिरवी झाक. संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना सांगायचे, ब्रॉन्झ आहे. मी घरी जाऊन सासूबाईंना तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे काशाचं का गं? मी म्हटलं, तसंच काहीतरी. हे 'तसंच काहीतरी' मला पुढे चांगलं भोवलं.

अभ्यासिकेच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. पुण्याहून कुणी मोठे पाहुणे येणार होते. मी ठरवलं, सगळ्यांना चकित करायचं. म्हणून पाहुण्यांच्या दोन तास आधी, झाडलोट करणारंही कुणी आलं नव्हतं तेव्हा, मी बादली घेऊन हजर. तोंडापासून सुरुवात केली, कारण माणसं आधी तोंडच बघतात. तपकिरी पाणी ओघळायला लागलं, तशी मी खूश; मळ निघतोय. मग त्या तपकिरीखालून पांढरं दिसायला लागलं. एखाद्या शहाण्या बाईने तिथेच हात थांबवला असता. मला वाटलं, हा आणखी जुना मळ, आणि मी जोर वाढवला. कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि गालाला टेकलेली बोटं चुन्यासारखी पांढरीफटक झाली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की काशाच्या आत चुना नसतो.

पुतळा प्लास्टरचा होता. वरून ब्रॉन्झचा रंग दिलेला. आणि तो ज्यांनी केला होता ते आमचे चित्रकलेचे सर कुठल्याही क्षणी सायकलवरून येणार होते.

सरांबद्दल सांगायचं तर कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही, कारण ते स्वतः कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगत नसत. मुठा खोऱ्यातले. मुंबईला जाऊन रीतसर कला शिकले आणि जाताना नेलेली बोली येताना तशीच्या तशी परत घेऊन आले. वर्गात, स्टाफरूममध्ये, तपासणीला आलेल्या साहेबांपुढे, सगळीकडे 'हाय' आणि 'न्हाई'. मी पडले पुण्याची. माणसाच्या 'ण'वरून त्याची किंमत करणारी. पहिल्याच दिवशी त्यांना शिपाई समजून मी पाणी आणायला सांगितलं. त्यांनी आणलं. तांब्या-भांडं टेबलावर ठेवून समोरच उभे राहिले आणि मी पाणी कशी पिते ते शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिले. मला ठसका लागला. दुपारी कळलं की हे सर. मी क्षमा मागायला गेले तर म्हणाले, पाणी पिताना तुमचा डावा खांदा वर जातोय, तेवढं बघा.

माणसं कशी बसतात, उभी राहतात, वाट बघतात, याखेरीज त्यांना जगात कशाचंही वेड नव्हतं. पाचवीची नवी मुलं आली की पहिला महिनाभर हातात पेन्सिल द्यायचे नाहीत. नुसतं बसवायचे. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? सर म्हणाले, बसाया शिकत्यात. साहेबांनी वहीत काय लिहिलं कुणास ठाऊक, पण जाताना तेही जरा ताठ बसून गाडीतून गेले, असं सर सांगायचे.

अभ्यासिकेच्या दाराशी चपलांची रांग लागायची. मधल्या सुट्टीत सर तिथे उकिडवे बसायचे आणि चपला वाचायचे. आत न डोकावता सांगायचे, आज कोण झोपायला आलंय, कुणाचं घरी भांडण झालंय, कोण कुणाच्या मागोमाग आत शिरलंय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. माझ्याशी त्यांनी कामाची वाटणीच करून टाकली होती. पुस्तकं तुमी बघा, चपला मी बघतो. एक दिवस मी जरा लाडात येऊन विचारलं, माझ्या चपला काय म्हणतात? त्यांनी मान वर न करता सांगितलं, तुमच्या सकाळी दहालाच गेटाकडं तोंड करून उभ्या असत्यात. खरंच तशाच होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम त्या उलट्या दिशेने काढायला लागले, तर म्हणाले, आता तर लईच घाई झालेली दिसतीया.

बाजाराच्या दिवशी सर पौडच्या एसटी स्टँडवर जायचे आणि कुठल्याही गाडीत न चढता दिवस काढायचे. गुडघ्यावर कागद, नजर वाट बघणाऱ्या बायकांवर. याचा परिणाम व्हायचा तो झाला. एका बाईने भर स्टँडवर त्यांना विचारलं, काय बघतुयास रं मुडद्या? सर म्हणाले, मावशी, तुमी कसल्या इचारात हाय ते बघतोय. ती म्हणाली, म्हशीच्या. आटलीया. एवढं बोलून ती पुन्हा गालाला हात लावून बसली, आणि सरांना जे हवं होतं ते मिळालं. पुतळा तिथून आला. मला हे त्यांनीच सांगितलं. पुढे अध्यक्षसाहेब भाषणात त्याला 'चिंतनमग्न नारी' म्हणायचे. ही राष्ट्राच्या भवितव्याचा विचार करते आहे, असं सांगायचे. सर मागे उभे राहून माझ्या कानाशी म्हणायचे, म्हैस आटलीया.

आयुष्यात त्यांनी पूर्ण केलेला हा एकच पुतळा. बाकी सगळे चिखलाचे गोळे. करायचे, बघायचे आणि मोडायचे. हा मात्र शाळेमागच्या शेडमध्ये दोन वर्षं चालला होता. पुण्याच्या एका प्रदर्शनात पाठवा म्हणून कुणी मागे लागलं होतं. सर म्हणाले, न्हाई. ही हितलीच बाई, हितंच बसणार. एकदा मी त्यांना चांगलं खोदून विचारलं, की अभ्यासिकेतच का? वर्गाबाहेर, बागेत, फाटकापाशी का नको? तेव्हा ते पहिल्यांदा आणि शेवटचं जरा लांब बोलले. मुलांच्या आया डबे घेऊन माल्याहून, मुठ्याहून चालत येतात. मुलं आत पंख्याखाली पुस्तक उघडून बसतात आणि आया बाहेर उन्हात. आत या म्हटलं तर म्हणतात, नको, तिथं शिकल्याली मानसं असत्यात. म्हणून एकीला आधीच आत बसवून ठेवली. तिच्याशेजारी जागा ठेवली. आता बघू या कोण येतंय.

कोणीच येत नव्हतं. अध्यक्षांनी सरांना आधीच सांगितलं होतं, प्लास्टर म्हणजे गणपतीच्या कारखान्याचं काम, संस्थेच्या नावाला शोभत नाही. निदान दिसायला तरी ब्रॉन्झ करा. मग त्यांना चौथराही हवा होता. त्यावर सर अडून बसले. वर बसवली की हार घालतील, आणि हार घातला की शेजारी कोन बसंल? चौथरा टळला, रंग टळला नाही. रंग दिल्यावर ती इतकी भारदस्त झाली की माणसं तिला लांबूनच नमस्कार करून जायची. आणि ज्या थोड्या आया दारातून डोकावायच्या त्या तोंडाला पदर लावून मागे व्हायच्या, कारण गालाला हात. घरात कुणी गेल्यासारखं गालाला हात लावून बसू नये, हे आपल्याकडे लेकरू बसायला लागलं की शिकवतात. पालकांच्या बैठकीत एक-दोघांनी ते बोलूनही दाखवलं: विद्येच्या जागी ही सुतकी बाई कशाला? अध्यक्षांनी ते मनावर घेतलं होतं. हात खाली घ्या, मांडीवर पुस्तक द्या, असं त्यांनी सरांना सुचवलं. सर म्हणाले, हात खाली घेतला तर इचार सांडंल. तेव्हापासून पुतळा हलवायला अध्यक्षांना फक्त एक निमित्त हवं होतं. ते निमित्त मी बादलीत भिजवून आणलं.

तर त्या सकाळी सर आले. मी पायरीपाशी फतकल मारून रडत होते, हातात शेंडी, साडीवर तपकिरी डाग. त्यांनी बादलीत बोट बुडवून वास घेतला. मग पुतळ्याभोवती एक फेरी मारली. जवळून, लांबून, खिडकीकडून. मी मनात नोकरी सोडल्याचा अर्जही लिहून टाकला होता. त्यातल्या शुद्धलेखनाची काळजीसुद्धा करून झाली होती. सरांनी मात्र फडकं ओलं केलं, पुतळ्याच्या मानेवरून आणि साडीच्या काठावरून ओघळलेले डाग टिपून काढले, आणि मला म्हणाले, बादली उचला, पावनं येतील. रंगाचे डबे त्यांच्या कपाटात होते, तासाभरात तोंड पुन्हा तपकिरी करता आलं असतं, हे मला कितीतरी नंतर कळलं. त्यांनी कपाट उघडलं नाही.

अध्यक्ष पाहुण्यांच्या थोडे आधी पोचले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पुतळ्याइतकाच पांढरा. गेली दोन वर्षं ते सगळ्यांना ब्रॉन्झ सांगत आले होते, आणि आता प्रत्येकाला दिसणार होतं की ते काय होतं. मला ओरडायची सोय नव्हती; ओरडले असते तर आवाज बाहेर गेला असता. मी आपणहून सगळं कबूल केलं, चिंच किती, मीठ किती, सगळं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि सरांना हळू आवाजात सांगितलं की कार्यक्रम झाला की टेम्पो येईल. ही शेडमध्ये जाईल आणि तिथेच राहील. मी वाट पाहिली, आता सर काहीतरी फटकळ बोलतील. ते नुसते बाहेर जाऊन चपलांच्या रांगेपाशी उभे राहिले. पाहुण्यांचे बूट, पाहुणीबाईंच्या उंच टाचा, सगळा नवा माल आला होता, आणि सर एकाही जोडाकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते. तेव्हा मला माझ्या चिंचेची खरी किंमत कळली.

कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्यांनी पुतळ्याकडे एकदा पाहिलं, अध्यक्षांकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे छताकडे पाहायला लागले. भाषणं लांबली. अध्यक्षांची आई त्या दिवशी सोबत आली होती. ऐंशीच्या पुढची, नऊवारीतली, गुडघ्यांनी थकलेली. तिला पहिल्या रांगेत गुबगुबीत खुर्ची दिली होती. दुसऱ्या भाषणाच्या अर्ध्यात ती उठली, भिंतीला धरत धरत खिडकीपाशी आली, आणि त्या पायरीवरच्या मोकळ्या जागेत बसली. दम खाल्ला. मग शेजारी वळून त्या पांढऱ्या तोंडाकडे बघत अगदी सहज आवाजात विचारलं, "दळान टाकून आलीस व्हय गं?"

मी तिथून चार हातांवर उभी होते. तोवर मला त्या तोंडात फक्त माझा मूर्खपणा दिसत होता. आता बघितलं तर खरंच, गिरणीच्या दारात पीठ उडून तोंड पांढरं झालेली, अंगावर धुरकट साडी, अशी बाई पौडच्या कुठल्याही गल्लीत रोज दिसायची. उत्तर आलं नाही, म्हणून म्हातारीला काही वावगं वाटलं नाही. तिने एक गुडघा उभा केला, त्यावर कोपर टेकवलं, आणि गालाला हात लावून समोरच्या फरशीकडे बघत बसली. अध्यक्ष तेव्हा माइकसमोर होते. 'विद्या' म्हणाले आणि थांबले. सगळ्या माना त्यांच्या नजरेमागे वळल्या. एका पायरीवर दोन बायका, दोघींचा गालाला हात, आणि त्यांतली एक स्वतः अध्यक्षांची आई. सुतकी म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

जेवणाची वेळ झाली. टेम्पो येऊन फाटकात उभा राहिला. अध्यक्ष खाली आले आणि आईला म्हणाले, चल, पानं वाढलीत. ती म्हणाली, तुमी घ्या. त्यांनी पुन्हा विनवलं, ही बाई इथून न्यायची आहे, माणसं खोळंबलीत. तेव्हा म्हातारीने मान वर केली.

"न्या की मग कवातरी. जरा बसू दे रं. लई दिसांनी कुनीतरी काय न विचारता शेजारी बसलंय."

अध्यक्षांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा टेम्पोकडे. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. तो पुढचा आठवडा अजून आलेला नाही. म्हातारीला वाढलेलं ताट तिथेच नेऊन दिलं. सर दारात उभे होते. त्यांनी खाली वाकून अध्यक्षांच्या आईच्या जुन्या वहाणा उचलल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि सुकायला घालतात तशा उन्हात नीट ठेवल्या. त्यांना अख्ख्या आयुष्यात मी कुणाच्या चपलेला हात लावताना तेवढंच पाहिलं.

त्यानंतर हळूहळू आया आत यायला लागल्या. आधी एक आली, डबा मांडीवर घेऊन पायरीच्या अगदी टोकाला टेकली. मग दुसरी. माझ्या 'शांतता राखा'च्या पाटीखाली त्या कुजबुजायच्या, आणि गप्प बसवण्यात तरबेज असलेली मी तेवढं मात्र ऐकू न आल्यासारखं करायची. तोंड पांढरंच राहिलं. सरांनी त्याला पुन्हा कधी रंग लावला नाही आणि अध्यक्षांनी पुन्हा कधी ब्रॉन्झ म्हटलं नाही. सासूबाईंना मी खरं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की समईची वात विझली.

गेल्या थंडीत मी नातीला घेऊन तिथे गेले. नात माणच्या आयटी पार्कात एका कंपनीत आहे, गाडी तिचीच. पौडपर्यंतचा रस्ता आता ओळखू येत नाही. जिथे भात लावायचे तिथे बंगले आणि कमानी. अभ्यासिकेत आता स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, कानात काहीतरी खुपसून. ती अजून तिथेच आहे. तोंड आता पिवळसर पडलंय. एक मुलगी तिच्या शेजारी पाठ टेकून, पुस्तक पोटावर ठेवून, गाढ झोपली होती. नातीने पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, आजी, हिला फाउंडेशन मानेपर्यंत लावायला हवं होतं. मी तिला सांगितलं की लावणारी अनाडी होती.

तिथून आम्ही मुठ्याला सरांकडे गेलो. सर आता पंच्याऐंशीच्या घरात. अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. नात फोन बघत उभी होती, तर तिला म्हणाले, फोन बघताना मान लवती, इचार करताना पाठ लवती. तुझी मानच लवतीया. नातीने झटक्यात फोन खिशात टाकला. तिच्या आईला जे पाच वर्षांत जमलं नाही ते एका वाक्यात झालं.

चहा झाला. जुन्या लोकांची नावं निघाली. निम्मी आता नाहीत. माझ्या मनात मात्र इतकी वर्षं एकच गोष्ट होती. हा किस्सा मी हजारदा सांगितलाय, आणि दर वेळी शेवट असा केलाय की सर इतके मोठ्या मनाचे, त्यांना माझा जरासुद्धा राग आला नाही. ते खरं होतं का, हे त्यांना विचारायचा धीर मला कधी झाला नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने विचारलं, सर, त्या दिवशी तुम्हाला माझा खरंच राग आला नव्हता?

ते मग म्हणाले,

"आला व्हता की. लई आला व्हता. पर म्हनलं, पोरीला आजून इचार करायला येत न्हाई, तिच्यावर चिडून काय उपेग. शिकंल कवातरी. येतुया का आता?"